कारागिराच्या पानावर शिकारीचे छायाचित्र

गावातल्या कारागिराने आपला माल विकण्यासाठी शिकारीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकावीत का, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला किरकोळ वाटेल. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत तो किरकोळ राहिलेला नाही. ज्या लोहाराचा माल पूर्वी आठवडी बाजाराच्या पलीकडे जात नव्हता, त्याचा शिकलेला मुलगा किंवा भाचा आता मोबाईलवर भात्याचे, ऐरणीचे, पात्याला पाणी देण्याचे चित्रण करतो आणि नागपूर-हैदराबादच्या गिऱ्हाईकाकडून मागणी मिळवतो. बांबूकाम करणारे बुरूड, लाकडावर कोरीव काम करणारे माडिया आणि गोंड कारागीर, शोभेचे तीरकमठे बनवणारे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारे सुतार, अशा अनेकांच्या हाती हे साधन आले आहे. दलालाशिवाय गिऱ्हाईक मिळणे ही या माणसांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी प्रदर्शनांच्या गाळ्यांमागचा हिशेब पाहिला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. परंतु या पानांवर अधूनमधून एक विशिष्ट प्रकारचे चित्र दिसू लागले आहे: कोयत्याशेजारी आडवे पडलेले रानडुक्कर, भाल्याला टांगलेला ससा, कमरेला सुरी लावून जंगलात उभा राहिलेला तरुण आणि खाली 'शिकारीसाठी खास' अशी ओळ, कधी इंटरनेटवरून उचललेले, मेलेल्या वाघाच्या अंगावर पाय ठेवून उभ्या असलेल्या गोऱ्या साहेबाचे जुने छायाचित्र.

माझे म्हणणे असे आहे की, मारलेल्या किंवा मारल्या जात असलेल्या वन्यप्राण्याचे चित्र कारागिराने आपल्या व्यवसायाच्या पानावर टाकू नये. मात्र शिकारीच्या परंपरेतून आलेली अवजारे, कोरीव कामे आणि चित्रे त्याने लपवूही नयेत. व्यवसायाच्या पानावरचे चित्र ही केवळ आठवण किंवा हौस राहत नाही. ही वस्तू कशासाठी आहे याची ती लेखी ग्वाही ठरते. आणि या ग्वाहीची किंमत चित्र टाकणाऱ्यापेक्षा पुष्कळदा इतरांनाच मोजावी लागते.

हे चित्र मुळात आले कुठून, ते आधी पाहायला हवे. आपल्याकडच्या लोहाराच्या घरात शिकारीचे छायाचित्र लावण्याची चाल नव्हती. त्याचा मुख्य माल विळे, कुऱ्हाडी, पासा, पावशा, वखराच्या आणि नांगराच्या लोखंडी वस्तू हाच होता आणि आहे. हातघडणीच्या सुऱ्या बनवणाऱ्या अमेरिकी कारागिरांची पाने मात्र हरणांच्या आणि रानडुकरांच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. आपल्याकडचा तरुण हीच पाने पाहून शिकतो, पोलादाचे प्रकार, मुठीची घडण, पात्याचा उतार हे सारे त्याला तिथूनच कळते आणि त्यासोबत जाहिरातीची रीतही येते. यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. पण त्या छायाचित्राच्या मागे जी व्यवस्था उभी आहे ती त्याला दिसत नाही. अमेरिकेत ठरलेल्या हंगामात, परवाना काढून, ठरलेल्या संख्येत हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे. एवढेच नव्हे, तर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तिथे बंदुका आणि दारूगोळ्यावर बसवलेल्या करातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना पैसा मिळतो, आणि पुढे धनुष्यबाणांसारख्या साहित्यालाही तो कर लागू झाला. म्हणजे तिकडच्या सुरी बनवणाऱ्याने हरणाशेजारी आपली सुरी ठेवून काढलेले छायाचित्र हे त्या देशातल्या एका मान्य, करपात्र आणि नियमबद्ध व्यवहाराचे छायाचित्र असते. ते आपल्याला आवडो न आवडो, तिथे तो गुन्ह्याचा पुरावा नसतो.

आपल्याकडे तेच चित्र गुन्ह्याचा पुरावा असते, किंवा निदान गुन्ह्याच्या संशयाला पुरेसा आधार असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. प्राणी मारणे तर त्यात आहेच. पण पकडणे, फासे किंवा सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, विष घालणे, जखमी करणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे आणि यातले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, एवढे सगळे तीत सामावले आहे. २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीतल्या, प्राण्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. गावात ज्याला कोणी फारसे वन्यप्राणी समजत नाही ते रानडुक्करही दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यातही कलम ५७ असे आहे की, एखाद्याच्या ताब्यात वन्यप्राणी, त्याचे मांस किंवा अवयव आढळले, तर तो ताबा बेकायदा आहे असे धरून चालले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. मग 'माझ्या पानावरचे रानडुक्कर मी मारलेले नाही, मित्राने पाठवलेला फोटो होता' हे म्हणणे खरे असले तरी ते पटवून देण्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि नंतर कदाचित न्यायालयात किती खेटे घालावे लागतील, याचा अंदाज तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणालाही करता येईल.

यावर एक उत्तर हमखास मिळते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला (नीलगायीला) मारण्याची परवानगी महाराष्ट्रात वन अधिकाऱ्यांकडून मिळू शकते, मग त्याचे चित्र का टाकू नये? परवानगीची तरतूद आहे हे खरे. कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचे नुकसान हे लेखी परवानगी देण्याचे एक कारण मानले आहे. तूर आणि हरभरा रात्रीतून भुईसपाट झालेला शेतकरी मारलेल्या रानडुकराकडे पाहून हळहळणार नाही, हे मला पूर्ण समजते. त्याच्यावर दुरून डोळे वटारणाऱ्या शहरी प्राणिप्रेमाचा मला कंटाळाही आहे. जून २०१६ मध्ये बिहारमधल्या रोह्यांवरून आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या रानडुकरांवरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये उघड वाद झाला, तेव्हा दिल्लीत ज्या आवाजात चर्चा चालली होती त्यात इथल्या शेताचा बांध कुठे दिसतच नव्हता. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेला वन्यप्राणीसुद्धा शासनाची मालमत्ता असतो. तो मारणाऱ्याचा नाही, शेतकऱ्याचा नाही आणि ज्याच्या कोयत्याची जाहिरात करायची आहे त्या लोहाराचा तर नाहीच नाही. पीक वाचवण्यासाठी नाइलाजाने घेतलेली परवानगी दुसऱ्या कोणाच्या मालाची जाहिरात व्हावी, हे त्या शेतकऱ्याच्या प्रश्नालाही हलके करणारे आहे. आपली मागणी रोह्यापासून आणि रानडुकरापासून संरक्षणाची आहे, मृगयेची नाही, हे शेतकऱ्याला वारंवार पटवून द्यावे लागते. अशी चित्रे त्याच्याच विरोधात वापरली जातात.

कारागिराच्या धंद्याला याहून जवळचा धोका दुसऱ्याच कायद्यात आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या आणि तत्सम हत्यारे धरली आहेत. त्यातून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली पाती वगळली आहेत. अधिसूचना काढलेल्या भागात या वर्गाला परवान्याची अट लागू होते. गावच्या लोहाराचा जवळजवळ सगळा माल या वगळलेल्या भागात मोडतो आणि म्हणूनच त्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालू आहे. तोच एक हात लांबीचा कोयता ऊस, झुडूप किंवा बांबू तोडण्याचा म्हणून विकला की शेतीचे अवजार ठरतो. त्याच्याशेजारी मेलेले जनावर ठेवून, खाली 'शिकारीसाठी खास' लिहून विकला, तर तो कशासाठी घडवला आहे हे विकणाऱ्यानेच जगजाहीर केलेले असते. पुण्यात आणि इतर शहरांत कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांनंतर पोलिसांची नजर समाजमाध्यमांवरच्या पात्यांवर आधीच आहे. आपल्या मालावरचे कायद्याचे छत्र कारागिराने स्वतःच्या हाताने दूर करावे, असे या जाहिरातीत काय मिळते? चार-दोनशे जादा पसंतीखुणा आणि एखाददुसरा असा गिऱ्हाईक, ज्याला कोयता शेतासाठी नकोच असतो.

समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपन्यांचे नियमही इथे उभे असतातच. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर शस्त्रांच्या जाहिरातीला मनाई आहे. वन्यप्राण्यांच्या आणि त्यांच्या अवयवांच्या व्यापाराविरुद्ध २०१८ मध्ये अनेक इंटरनेट कंपन्या एकत्र आल्या. यंत्राने तपासणी होताना भामरागडच्या माणसाची बाजू ऐकून घेणारे कोणी नसते. एका सकाळी पान बंद झालेले दिसते, आणि त्याबरोबर दोन-तीन वर्षांत जमवलेले गिऱ्हाईक, पत्ते, जुन्या मालाचे फोटो सगळे जाते. मोठ्या दुकानदाराला दुसरे पान उघडता येते. ज्याच्या मालाची वही म्हणजे ते पानच होते त्याचे काय करायचे? या कंपन्यांचे नियम न्याय्य आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. तलवार घेऊन नाचणाऱ्यांच्या रील महिनोन्‌महिने तशाच राहतात आणि बुरडाने विणलेली जाळी 'प्रतिबंधित साहित्य' ठरून गायब होऊ शकते, इतका तो कारभार आंधळा आहे. पण आंधळ्या कारभाराच्या वाटेत आपण होऊन उभे राहण्यात शौर्य नाही.

आता या प्रश्नाच्या सर्वांत अवघड भागाकडे यावे लागते. शिकार ही इथल्या अनेक समाजांची परंपरा आहे, मग तिचे चित्र दाखवायला बंदी का? साहेब आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यांत आणि हॉटेलांत मिरवतात, आणि माडिया तरुणाने तीरकमठा हाती धरला की मात्र तो आरोपी, हा दुटप्पीपणा नाही का? आहे. विदर्भाला तर तो विशेष ठाऊक असायला हवा. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी येण्याआधी परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सफरी भरवणाऱ्या कंपन्या या भागात चालत होत्या. त्यांतली एक, ॲल्विन कूपर, नागपुरातली होती आणि पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी ती काढली होती. मेलेल्या वाघाचे चित्र हे धंद्याचे साधन झाले ते तिथे, डॉलरमध्ये. त्या सफरींत हाकारे घालणारा, माग काढणारा, मचाण बांधणारा गोंड किंवा कोरकू माणूस छायाचित्राच्या कडेला उभा असे. त्याचे नाव कुठे लिहिलेले नसे. आज अभयारण्यांच्या दारातल्या काही रिसॉर्टांत हीच करड्या रंगाची छायाचित्रे 'जुन्या काळची शान' म्हणून भिंतीवर टांगलेली असतात, आणि त्याच भिंतीखाली स्थानिक कारागिराचा बांबूचा दिवा जळत असतो. रिसॉर्टवाल्याला कोणी जाब विचारत नाही. तो विचारला गेला पाहिजे.

पण म्हणून साहेबाचे चित्र आपल्या पानावर डकवणे हे परंपरेचे प्रदर्शन कसे होईल? ते तर ज्याने आपल्या आजोबांना कडेला उभे केले त्याच्याच थाटाची नक्कल आहे. माडियांची पारध आणि साहेबाची शिकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. पेरणीपूर्वीच्या पंडुमाशी, म्हणजे सणाशी, जोडलेली पारध ही साऱ्या गावाची असे. मिळालेले मांस वाटले जाई. आणि बाकी काळातली शिकार ही पुष्कळदा भुकेपोटी होती. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या काळात मारलेली माकडे घेऊन चाललेल्या आदिवासींकडे प्रकाश आमटे यांना मेलेल्या आईला बिलगलेले जिवंत पिल्लू दिसले, ते त्यांनी मागून घेतले, आणि तिथल्या वन्यप्राणी अनाथालयाची सुरुवात त्यातून झाली. या घटनेत मला दिसते ते हे की, तिथे कोणी शिकाऱ्यांना शरमिंदे केले नाही. भूक आहे हे मान्य केले, त्यांच्याशी देवाणघेवाण केली. आणि जी शिकार भुकेपोटी होती तिचे चित्र कमरेला सुरी लावून उभ्या असलेल्या, पार्श्वसंगीत लावलेल्या रीलमध्ये कुठेच नसते. ज्या परंपरेच्या नावाने हे चित्र विकले जाते, ती परंपरा त्यात नाही.

कायद्याने ही परंपरा कुठे नेऊन ठेवली आहे तेही पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे बांबूवरचाही, हक्क ग्रामसभांना दिला. त्याच कायद्याने पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकारीचा, फासे लावण्याचा आणि वन्यप्राण्याचा अवयव काढण्याचा हक्क शब्दशः वगळला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले ते एप्रिल २०११ मध्ये. मधल्या काळात वनविभागाशी झालेली ओढाताण अनेकांना आठवत असेल. बांबू विणणाऱ्या हातांना आज जो काही कायदेशीर आधार आहे तो इतक्या कष्टाने मिळाला आहे. 'जंगल यांच्या हाती दिले तर हे शिकार करतील' हा त्या हक्काच्या विरोधकांचा नेहमीचा आक्षेप होता, अजूनही आहे. बांबूच्या वस्तू विकणाऱ्या पानावर शिकारीचे चित्र टाकणे म्हणजे त्या आक्षेपाला आयता फोटो पुरवणे होय.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर हे अधिकच टोचणारे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मापासून शिक्का मारला, १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या पालावर कुठे काही घडले की पोलीस आधी जातात, त्या समाजाकडे पाखरांची आणि माळरानाची जी समज आहे ती कोणत्याही पदवीधराने हेवा करावा अशी आहे. अकोला-वाशीम भागात याच समाजाच्या लोकांनी गवताची कुरणे राखण्याचे काम केले आहे. त्यांचे फासे, विणलेली जाळी हे हस्तकौशल्याचे असामान्य नमुने आहेत आणि ते संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत, हे मी गंभीरपणे म्हणतो. परंतु जेव्हा शहरातला एखादा 'आदिवासी कला' विकणारा मध्यस्थ त्या फाशात अडकलेल्या तित्तिराचे चित्र लावून तो फासा शोभेची वस्तू म्हणून विकतो, तेव्हा पैसा मध्यस्थाला मिळतो आणि चौकशी पालावर येते. चित्र कोणी टाकले आणि दार कोणाचे वाजले, यांतला हा फरक मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मागणीचा मुद्दा मी थोडक्यातच मांडतो, कारण तो उघड आहे. इंटरनेटवर 'हत्था जोडी' या नावाने एका वनस्पतीचे दुर्मीळ मूळ म्हणून जे विकले जात होते ते प्रत्यक्षात घोरपडीचे वाळवलेले लिंग होते, हे २०१७ मध्ये उघडकीला आले. चित्र सुबक असले की गिऱ्हाईक विचारत नाही. सुरीच्या मुठीला सांबरशिंग, माळेत वाघनख, भिंतीवर चितळाचे डोके, यांची हाव चित्रांनीच वाढते. जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून त्याची मूठ करून विकता येत नाही, हे अनेक तरुण कारागिरांना खरोखरच माहीत नसते. परदेशी पानांवर शिंगाच्या मुठी सर्रास दिसतात, त्यामुळे तो गैरसमज पक्का होतो. आपल्याकडे मुठीला सागाचे, शिसमाचे, तिवसाचे लाकूड आहे, बांबूची मुळी आहे, आणि बैल-म्हशीच्या शिंगाचे काम करणारे हातही देशात आहेत. मालाचा दर्जा शिंगासाठी अडून राहिलेला नाही.

सगळीच चित्रे एका मापाने मोजता येत नाहीत, हेही खरे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाज मासेमारी करतो. बांबूचे मासे धरण्याचे सापळे विणणे ही तिथली जिवंत कला आहे आणि त्या सापळ्यातून काढलेल्या मासोळ्यांचे चित्र टाकण्यात मला काहीही गैर दिसत नाही. तो त्यांचा कायदेशीर, मान्य धंदा आहे. त्याच सापळ्यात कासव आले तर ते सोडून द्यायचे असते आणि त्याला हाती धरून फोटो काढायचा नसतो, इतकेच. लाकडावर कोरलेला हरणामागे धावणारा धनुर्धारी, भिंतचित्रातली पारध, नाचात हाती धरलेला तीरकमठा, हेही मारलेल्या जनावराच्या छायाचित्राच्या पंगतीला बसवता येणार नाही. मोर्शीच्या उत्तरेला, सातपुड्यात मध्य प्रदेशाच्या हद्दीवर २००७ मध्ये उजेडात आलेल्या अंबादेवीच्या चित्रगुहांकडे पाहिले तर या प्रदेशातला माणूस प्राणी रंगवत आला आहे तो किती जुन्या काळापासून, हे कळते. त्या वारशावर कोणत्याही कंपनीने किंवा कोणत्याही अतिउत्साही प्राणिमित्राने पडदा टाकायला सांगितला तर त्याला नकार दिला पाहिजे. रेघ माझ्या मते इथे आहे: जिथे खरा प्राणी खऱ्या मृत्यूसह समोर ठेवला आहे आणि शेजारी किंमत लिहिली आहे, तिथे थांबायचे. तीरकमठ्याचे चित्र टाकताना तो कोणत्या बांबूचा, दोरी कशाची, बनवायला किती दिवस लागतात, कोणत्या सणाला तो बाहेर निघतो, हे बनवणाऱ्याच्याच तोंडून सांगावे. चांगल्या गिऱ्हाईकाला ते वाचायचे असते. ज्याला फक्त रक्त पाहायचे असते तो कारागिरीची किंमतही पाडूनच मागतो, असे विक्री करणारे सांगतात, आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

हे ठरवायचे कोणी? जिल्हाधिकाऱ्यांनी परिपत्रक काढून ठरवू नये, एवढे नक्की. परिपत्रकाची पहिली काठी सर्वांत दुबळ्या पाठीवर बसते. बचत गट, कारागिरांच्या सहकारी संस्था, जिथे ग्रामसभा खरोखर चालतात तिथे ग्रामसभा, आणि चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रासारखी ठिकाणे, यांनी फोटो कसा काढावा याचे धडे देताना वन्यजीवांचा आणि शस्त्रांचा असे हे दोन कायदेही शिकवावेत. सध्याच्या प्रशिक्षणांत उजेड कुठून घ्यावा, पार्श्वभूमी कोणती असावी, हॅशटॅग कोणते लावावेत हे सारे सांगतात. कोणता फोटो आपल्याला वनखात्याच्या कोठडीत नेऊ शकतो हे मात्र कोणी सांगत नाही.

विदर्भात हा प्रश्न इतका नाजूक का आहे, याचे कारण कारागिरीच्या बाहेर आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला, त्यांतले बहुतेक विदर्भात आहेत, आणि मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला, गुरे चारायला गेलेली माणसे दरवर्षी वाघांच्या हल्ल्यात मरतात. दुसऱ्या बाजूने, रानडुकरांसाठी सोडलेल्या वीजप्रवाहाच्या तारांनी आणि क्लच वायरच्या फाशांनी वाघ मरतात. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी नावाने ओळखली गेलेली वाघीण गोळी घालून मारण्यात आली, तेव्हा तिच्या मृतदेहाची छायाचित्रे काही तासांत देशभर फिरली. शहरांत निषेध झाले आणि राळेगाव-पांढरकवड्याकडच्या गावांत फटाके फुटले. पुढे तिला मारणाऱ्याच्या, गावकऱ्यांनी केलेल्या सत्कारात चांदीची वाघिणीची मूर्ती भेट दिल्याचा विषय २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मारलेल्या प्राण्याचे चित्र, आणि त्या चित्राच्या आठवणीने घडवलेली वस्तू, या दोन्हींचा अर्थ किती झपाट्याने कारागिराच्या हातून निसटतो हे त्या प्रकरणात दिसले. ज्या गावांनी माणसे गमावली होती त्यांच्या लेखी ती मूर्ती कृतज्ञता होती आणि नागपूरच्या पलीकडे तोच पुरावा क्रौर्याचा ठरला. अशा तापलेल्या हवेत लोहाराच्या पानावरचे रानडुक्कर हे नुसते रानडुक्कर राहत नाही.

कारागिराकडून इतका संयम मागताना शासनाकडून काही मागायचे राहून जाते, आणि ते मागायला हवे. शिकारीच्या प्रकरणात कोणाला पकडले की जप्त केलेल्या वस्तूंची मांडणी करून, मागे पकडलेल्या माणसांना खाली बसवून, दोन्ही बाजूंना अधिकारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्धीला आणि खात्यांच्या समाजमाध्यमांवर जाते. त्या मांडणीत फासे आणि तारा असतात, त्या असाव्यातच; पण त्यांच्याच रांगेत घरातली कुऱ्हाड, विळा, पावशी, टोपली, कधी देवखोलीतला तीरकमठाही 'शिकारीचे साहित्य' म्हणून ठेवलेला दिसतो. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो, माणसांचे चेहरे मात्र उघडे असतात, आणि पालाचे किंवा गावाचे नाव खाली छापलेले असते. विळ्या-कुऱ्हाडीला शिकारीचे हत्यार म्हणून जगासमोर मांडण्याचे काम इथे खुद्द सरकारी पान करत असते. वनविभागाने आणि पोलिसांनी ही छायाचित्रे काढण्याची रीत बदलावी: गुन्ह्यात प्रत्यक्ष वापरलेले साहित्यच दाखवावे, आरोपींचे चेहरे आणि त्यांच्या समाजाचे नाव प्रसिद्ध करू नये, आणि चौकशीनंतर ज्या घरगुती वस्तू गुन्ह्याशी संबंधित नाहीत असे ठरेल त्या परत कराव्यात. जिल्ह्याच्या वन्यजीव सल्लागारांनी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी ही मागणी लेखी स्वरूपात पुढे न्यायला हरकत नाही. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या एका सूचनेने ते होऊ शकते.